बांबूच्या बनातला चुचाकरावा

कालिबावांग, ३ मे

ती. सुमार्नो पाकदे यांस,
पुतणी वेनिंगचा सा. न. वि. वि.

पाकदे, आधी खाली बसा. आज पहाटे नदीकाठच्या बांबूच्या बनात मी चुचाकरावा ऐकला. तुमच्या पडवीत पूर्वी असलेल्या पिवळ्या डोक्याच्या बुलबुलाचाच भरदार आवाज! जावाच्या रानातून तो संपला असं सगळे म्हणतात. जगाच्या यादीतही तो नामशेष व्हायच्या अगदी कडेला आहे. तो खरंच इथे असेल तर हे बन तोडायचं ठरलंय ते थांबेल, असं आमच्या पक्षीगणनेचे प्रमुख म्हणाले. दिसला मात्र नाही. अहवाल पंधराला जायचाय.

माया आहेच, ती असू द्या.
तुमची वेनिंग

गोदेआन, ६ मे

चि. वेनिंग, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता पक्ष्यांना नाकतोडे घालायचे राहिले आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

घाई नको. चुचाकरावा जोडीनं गातो, एकाची ओळ दुसरा पुरी करतो. तुझा एकटाच होता का? विचारतो त्याला कारण आहे. गाण्याच्या स्पर्धेतल्या पक्ष्याशेजारी आपण त्याला शिकवायला गुरू पक्ष्याचा पिंजरा टांगतो. माझा दयाळ दोन वर्षं त्या बुलबुलाशेजारी होता, आणि चेला गुरूच्या वरचढ निघाला. गुरू पिंजऱ्यातच म्हातारा होऊन मेला. पुढे तुझी बुधेकाकू वारली, घरात मी एकटा उरलो. त्या आठवड्यात दयाळाचं दार चुकून उघडं राहिलं असं मी सांगितलं होतं. चुकून नव्हतं. तो नदीकडे गेला.

शेपूट वर करून बसलेला काळापांढरा दिसला, तर आपलाच समज. आणि वेळेवर जेव.

तुझा पाकदे

कालिबावांग, ११ मे

ती. पाकदे, सा. न.

चेला सापडला. परीक्षकांपुढे बसावं तसा छाती काढून गात होता. मला आधी रडू आलं, मग हसू. पण शेजारी राखी मादी होती, दोन पिल्लंही. मादी कुठून आली, पाकदे? म्हणजे रानात अजून कुणीतरी होतं!

यादीत दयाळापुढे ‘चिंता नाही’ लिहिलंय, कारण तो पार हिंदुस्थानापर्यंत सगळीकडे आहे. या खोऱ्यात मात्र पक्षी धरणाऱ्यांच्या जाळ्यांमुळे वीस वर्षांत एकाही गणनेत आलेला नाही. मी चुचाकरावा खोडून ‘दयाळ, पिल्लांसह’ लिहिलं. एवढ्यानं बन वाचेल का, ते प्रमुखांनाही सांगता येईना.

तुमची वेनिंग

गोदेआन, २७ मे

चि. वेनिंग, आशीर्वाद.

बन वर्षभर राखणार, हा तुझा निरोप पोचला. वर्ष तर वर्ष.

रविवारी स्पर्धेला गेलो होतो. पक्षी धरणारा जाळीवाला पोनिजान जवळ सरकून विचारत होता, पुतणी नदीकाठी एवढं काय शोधतेय म्हणून. तीस वर्षांची दोस्ती, त्याच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. म्हटलं, “कसलं काय, चिमण्या मोजतेय.”

आठवण ठेव.
तुझा पाकदे