मांडवातली ओ

बाबा, यंदा आपल्या दोडक्याच्या मांडवात मी काहीच लावलं नाही. तुम्ही रोवलेले खांब तसेच आहेत, खाली गवत माजलंय. मी बांधावर बसून तुम्हाला लिहिते आहे, तुम्ही देवाघरी जाऊन बावीस वर्षं झाल्यावर. आई गेल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं असेल की नाही, कोण जाणे. कशी गेली ते मात्र मलाच सांगावं लागेल, कारण पूर्ण गोष्ट दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

मांडवाखाली शिरलं की चार हातांवरचं माणूस दिसत नाही. म्हणून तोडणी करताना थोड्या थोड्या वेळानं एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची, हा तुमचा नियम. साप चावला असं आपल्याकडं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. ओ आली नाही तर पान लागलं असं समजायचं. तुमचा रेडिओ खांबाला टांगलेला असायचा, पण आवाज बारीक, हाक बुडू नये म्हणून. मी दहा वर्षांची असेन. नव्या फ्रॉकसाठी रुसले होते आणि आईच्या हाकेला मुद्दाम गप्प बसले. तुम्ही वेल तुडवत आलात. एक कळी चिरडली तरी दिवसभर हळहळणारे तुम्ही. मला एक ठेवून दिलीत आणि म्हणालात, "रुसाचं असन तं घरी रुसजो. मांडवात हाक आली का ओ देल्लीच पायजे." तुडवलेला वेल तुमच्या पायात तसाच अडकला होता. ते मी तेव्हा पाहिलं आणि पुढं विसरून गेले.

नवऱ्याचं घर सोडून मी परत आले, तेव्हा गावाला माझ्याशी बोलायला विषयच उरला नाही. मी नळावर गेले की बाया गप्प व्हायच्या. एक दिवस दोडके तोडता तोडता मी फोन खांबाला बांधला आणि लाइव्ह सुरू केलं. कुठली कुठली माणसं विचारू लागली, ताई जेवलात का, ताई आज उदास का. बाबा, असं मला कोणी विचारून वर्ष झालं होतं. मग माणसं कमी आली की घास उतरेना, जास्त आली की झोप येईना. आई ताट वाढून बसलेली असायची आणि मी अनोळखी लोकांना ख्यालीखुशाली सांगत असायचे. "त्याइले सारं सांगतं, अन मले काहून नाही?" तिनं एकदा विचारलं. मी तिच्यावरच चिडले.

आईच्या हाका लोकांना फार आवडायच्या. कोणीतरी लिहिलं, ताई, आज ओ देऊ नका, बघू आई किती वेळा हाक मारते. मी दिली नाही. आई शोधत, धापा टाकत आली. तिचा अवतार पाहून लोक हसले आणि बघणाऱ्यांचा आकडा भराभर चढला. त्या महिन्यात मी हे तीनदा केलं. आईनं तिन्ही वेळा शिव्या घातल्या, आणि मला वाटलं, आता तिला सवय झाली असेल.

चौथ्या वेळी तिनं चार हाका मारल्या. पाचवी आली नाही. "आज थकली वाटते," मी फोनकडं पाहून हसले, आणखी थोडं बोलले, आणि मगच उठले. आई चार ओळी पलीकडं घोटा धरून पडली होती. पाय अनवाणी. चपला चिखलात रुतल्या तशा सोडून ती धावली होती, खाली न बघता. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर तिला मध्ये बसवून मी मागून घट्ट धरलं होतं. तालुक्याचं मालेगाव यायच्या आत तिची जीभ जड झाली. त्याआधी मान वळवून ती एवढंच बोलली, "तू ओ देल्ली नाही, तं मले वाटलं तुलेच पान लागलं."

मालेगावच्या दवाखान्यातून पुढं वाशिमला नेलं. तिथून घरी आणली ती झाकूनच.

दहावा व्हायच्या आत मी पुन्हा लाइव्ह गेले. रडले. खरंच रडले, पण आधी फोन नीट टेकवून. इतकी माणसं त्याआधी कधीच आली नव्हती. आता मला कुठंही हाक ऐकू येते, न्हाणीत, बसमध्ये, आणि मी मोठ्यानं ओ देते. शेजारची बाई सरकून बसते. वाशिमच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, फोन दूर ठेवायला सांगितला. शेजारणीकडं ठेवायला दिला, तर दुसऱ्याच दिवशी गॅस नोंदवायचा आहे असं खोटं सांगून परत आणला. तुमची लेक एवढी निलाजरी झाली आहे.

ही चिठ्ठी कुठं टाकणार? खांबाच्या बुडाशी दगडाखाली ठेवीन, वाळवी खाईल. त्या सकाळचं लाइव्ह अजून फोनमध्ये आहे. आईचा आवाज तेवढाच उरलाय म्हणून पुसत नाही, असं मी डॉक्टरबाईंना सांगितलं. रोज लावते. चारही हाका स्वच्छ ऐकू येतात. पण तुमच्यापासून काय लपवू, बाबा. पहिली हाक येते तेव्हा आजही माझी नजर कोपऱ्यातल्या, बघणाऱ्यांच्या आकड्यावर असते.