कुमारच्या वाट्याला घातलेली अट

मी, साळूबाई भिमा रेणुसे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा गॅरेज व शेती, राहणार भोर, मूळ गाव गुंजवणे, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे, आज गुरुवारी स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहायला घेते. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण चांगलं आहे आणि मला कोणी भरीस घातलेलं नाही. येत्या मंगळवारी पुण्याला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई. वकीलसाहेबांनी छापील मसुदा दिला होता. तो मी वाचला. त्यात मिळकत सगळी होती, पण कोणाला काय आणि का, यातलं ‘का’ कुठेच नव्हतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. मला दोन मुलगे. थोरला कुमार, वय बत्तीस. धाकटा गोरख, वय अठ्ठावीस. गोरखला लोक विराज म्हणून ओळखतात, कारण मोटारसायकल कंपनीच्या साहेबाला गोरख हे नाव जाहिरातीत चालेना. पुढे कचेरीत घोटाळा नको म्हणून लिहून ठेवते, की विराज आणि गोरख ही एकच व्यक्ती असून तिचं बारसं मी केलं आहे, कंपनीने नाही. दोघेही मातीच्या मैदानावर मोटारसायकलच्या शर्यती खेळतात आणि त्यावरच पोट भरतात. गाडीवर बसायला त्यांना माझ्या मालकांनी, कैलासवासी भिमा यांनी शिकवलं, पासलीच्या चढावर.

कलम २. माझ्या सोन्याच्या पाटल्या आणि पतसंस्थेतली ठेव गोरखला द्यावी. ती कमी आहे असं त्याला वाटणार नाही. तो मनाने मोठा आहे आणि त्याला कमी पडतही नाही. शर्यतीत तो चौथा-पाचवा येतो. तरी कंपनी त्याला दरमहा पगार देते, गाडी देते, विमा उतरवते. तो पडला तरी उठून कॅमेऱ्याकडे हात करतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. पोरंसोरं त्याच्यासारखे केस कापून घेतात. कुमार पहिला येतो. त्याला जे मिळतं ते फक्त बक्षीस, आणि तेही जिंकला तरच. टायर स्वतःचे, पेट्रोल स्वतःचं, हाड मोडलं तर दवाखानाही स्वतःचा. एकदा मी गोरखला विचारलं, “असं कसं रं?” तो म्हणाला, “आये, दादा गाडी चालवतो, मी तोंड चालवतो. तोंडाला भाव लई हाय.” तो हसत होता, पण त्याला ते आवडत नव्हतं हे मला दिसत होतं.

कलम ३. माझ्याकडे एक शाल आहे, ती कुमारलाच द्यावी. तिची हकिगत अशी. तीन वर्षांपूर्वी कंपनीने कुमारलाही घेतलं होतं. पहिल्याच मोठ्या शर्यतीत तो पहिला आला. सत्काराच्या स्टेजवर गणपतीचा फोटो आणि तेवती समई होती. कुमारने पायरीशी बूट काढले, जसे आपण सगळेच काढतो. पाहुण्यांनी अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्या शालीखाली छातीवरचं कंपनीचं नाव झाकलं गेलं. साहेब खालून खुणा करत होता, शाल काढ, शाल काढ. देणारा समोर उभा असताना शाल उतरवायची म्हणजे त्याचा अपमान. कुमारने ती काढली नाही. फोटो छापून आला तो अनवाणी पायांचा, शाल पांघरलेल्या माणसाचा. माईक दिला तर म्हणाला, “बरं झालं,” आणि खाली उतरला. पुढच्या शर्यतीत कंपनीचा खेळाडू म्हणून गोरखलाही शाल मिळाली. त्याने ती उचलून पाहुण्यांच्या म्हाताऱ्या आईच्या खांद्यावर घातली, पाया पडला, आणि कंपनीचं नाव छातीवर झळकत राहिलं. दुसऱ्या वर्षी करार एकट्या गोरखचा झाला. कुमारबद्दल साहेब म्हणाला, मुलगा गर्विष्ठ आहे, त्याला बघायला कोण येणार? साहेबाला या मृत्युपत्रान्वये काहीही देणं नाही. त्याने माझ्या मुलाच्या रीतीला गर्व म्हटलं, हे मी विसरलेली नाही आणि विसरायचा विचारही नाही.

कलम ४. भोरचं गॅरेज, त्यातली सगळी हत्यारं, हवेचं मशीन, मागच्या दोन खोल्या, आणि पासली येथील भाताचं शेत, ही माझी स्वकष्टार्जित स्थावर जंगम मिळकत मी कुमारला देते, परंतु पुढील अटीवर. दिवाळीआधी कुमारचं खांद्याजवळचं, गळपट्टीचं हाड मोडलं. आत धातूची पट्टी बसवली आहे. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात परत त्यावर पडलास तर हात जन्माचा जाईल. येत्या रविवारी वर्षातली शेवटची शर्यत आहे आणि हा गाडी काढतो आहे. गोरख घरी बसला असता तरी त्याचा पगार चालू राहिला असता. कुमार बसला तर त्याचं वर्ष फुकट. म्हणून अट अशी, की कुमारने रविवारी शर्यतीत उतरू नये. उतरल्यास वरील मिळकतीवर त्याचा काहीही हक्क राहणार नाही, व ती सर्व गोरखला जावी. मी आई आहे. मला एवढाच उपाय दिसतो.

कलम ५. माझे दीर चिमाजी यांना गॅरेजात गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स द्यावा. कुमार जिंकला तेव्हा त्यांनी गावच्या फाट्यावर तो लावला होता. त्यात गोरख पुरुषभर उंच आणि जिंकणारा कुमार तळाच्या रांगेत तिकिटाएवढा. विचारलं तर म्हणाले, “वहिनी, त्याचा फोटो कुठं चांगला येतो?” फ्लेक्स चांगला जाड आहे. गवताच्या गंजीवर घालायला त्यांना उपयोगी पडेल.

इथवर लिहून झालं तेव्हा कुमार गॅरेजातून हात पुसत आत आला. कागद उघडाच होता. त्याने उभ्यानेच कलम चार वाचलं. जे बोलणं झालं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण पुढचं कलम त्यावर उभं आहे.

तो म्हणाला, “आये, हे काय लिवलंस?”

मी म्हणाले, “वाचता येतंय न्हवं तुला.”

“आन मी उतरलो तर?”

“तर काय न्हाई मिळायचं.”

हाताला ग्रीस होतं म्हणून कागदाला त्याने बोटही लावलं नाही. मग म्हणाला, “कंपनीचा सायब म्हनला, असा वाग, मग पैसं. तू म्हनतीस, तसा वाग, मग जमीन. मी हाय तसा कुनालाच नको का?”

“तुजा हात जाईल रं. मग काय करशील?”

“ते मला कळतंय. पर तू तरी करार काढायचा न्हवतास.”

तो बाहेर गेला आणि शटर ओढून घेतलं. मला राग आला. मी त्याच्यासाठी लिहिलं आणि हा मला साहेबाच्या पंगतीत बसवतो. शुक्रवारभर मी त्याच्याशी बोलले नाही. तोही जेवायला आला, खाली मान घालून जेवला आणि उठला. गोरखचा फोन आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आये, मला कंपनी रोज सांगती कसं हसायचं. मी सोसतो, कारन घरी आलो की कुनी सांगत न्हाई. दादाला तेवढं तरी ऱ्हाऊ दे.” मग मला रडू आलं. औषधाची गोळी घेतली.

कलम ६. आज शनिवारी पुन्हा लिहिते. कलम चारमधली अट मी रद्द करते. खोडत नाही, कारण खोडाखोड दिसली की पुढे कज्जे होतात असं वकीलसाहेब म्हणाले. गॅरेज, खोल्या आणि पासलीचं शेत कुमारचं. तो शर्यतीत उतरला तरी त्याचं, नाही उतरला तरी त्याचं. जिंकला, हरला, लोकांशी बोलला, न बोलला, याचा या मिळकतीशी काही संबंध नाही. त्याने उतरू नये असं मला आजही वाटतं. मला फार भीती वाटते. पण ती भीती माझी आहे, ती मी त्याच्या नावावर करत नाही.

कलम ७. हे त्याला मी गेल्यावर कळून उपयोग नाही. उद्या झेंडा पडायच्या आधी कळलं पाहिजे, म्हणजे घर चालायचं कसं या काळजीपोटी तो गाडीवर बसणार नाही. म्हणून सही मी इथे भोरला न करता उद्या मैदानावर, त्याच्या समोर करणार आहे. डॉक्टरांनी प्रवासाला आणि धडधडीला मनाई केली आहे. आजवर मी मुलांची एकही शर्यत पाहिलेली नाही, मला बघवत नाही. तरी जाणार. आमच्या गॅरेजातला मिस्त्री अमृत टेम्पो काढतो म्हणाला आहे आणि शेजारची ठकुबाई सोबतीला आहे. तेच दोघे साक्षीला.

लिहिणार: साळूबाई भिमा रेणुसे

साक्षीदार:
१. अमृत कोंडिबा शिळीमकर, राहणार भोर. बाईंनी आमच्यादेखत सही केली. त्या शुद्धीत आहेत.
२. ठकुबाई रामू वालगुडे, राहणार भोर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

ठिकाण: पानशेत रस्ता, शर्यतीचा माळ, टेम्पोत बसून.
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार.

सही करण्याआधी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. गोरख कंपनीच्या तंबूतून पळत आला, तो माझ्या शेजारी बसला आहे. कुमार समोर उभा आहे. त्याच्या शर्यतीचा पुकारा झाला आहे, दुसऱ्यांदाही झाला. हेल्मेट त्याच्या हातात आहे. त्याने ते अजून घातलेलं नाही, आणि मी त्याला काही सांगितलेलं नाही.