दोरी आढळली नाही

प्रिय भिंगरी,

तुझं भाषण मिळालं. वरची ताकीदही मिळाली: शुद्धलेखन तेवढं बघ, बाकी कशाला हात लावू नकोस. बावीस वर्षं पोरांच्या संस्कृतच्या वह्या तपासलेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधावर बसवून फक्त साय मोज म्हणण्यातला प्रकार. 'स्मृती' तीनदा लिहिलंयस, तिन्ही वेळा निरनिराळं. 'निष्काळजी'त पोटफोड्या ष असतो, शहामृगाचा नव्हे. स्वल्पविराम मात्र मूठमूठ पेरलेस. ते राहू देत, श्वास घ्यायला कामी येतील. रविवारी पाणबुड्यांच्या शाळेत नव्या वर्गापुढे हे वाचायचंय आणि तुझी पोर पहिल्या रांगेत बसणार आहे. बापाची चूक सगळ्यांदेखत ऐकली की ती जन्मात पाण्याकडे फिरकणार नाही, असं तू कळवलंयस.

सुरुवातीला लेखणी लावलेली नाही. जुनं मालवाहू जहाज माशांना घर व्हावं म्हणून मुद्दाम बुडवलं. त्याआधी त्याची दारं काढून, भिंतींना माणूस जाईल एवढी भोकं पाडणाऱ्यांत तुझा नवरा होता, हे नेमकं आलंय. त्या दिवसांत त्याच्या अंगाला डिझेलचा इतका वास यायचा, की तू त्याचं ताट गच्चीत नेऊन ठेवायचीस आणि मग स्वतःचंही तिथेच न्यायचीस. हे का गाळलंस? घाल.

मला पाण्यात ओढणाराही तोच. जमिनीवर माझं व्याकरण त्याला सोसवेना. पाण्याखाली मेव्हण्याला बोलता येणार नाही, हे ध्यानात आल्यावर त्याने मोठ्या उत्साहाने शिकवणी धरली. शेहेचाळिसाव्या वर्षी मत्स्यावतार घ्यायला निघालो आणि पाठीवर टाकी चढल्यावर कूर्म झालो. त्याने पहिल्यांदा शिकवली ती दोरी. जहाजाच्या पोटात शिरण्याआधी ती बाहेर उजेडात बांधायची आणि हातातली चक्री सोडत आत जायचं. आत गाळ उठला की स्वतःचा पंजा दिसत नाही. मग परतीची वाट म्हणजे ती दोरी, दुसरं काही नाही. तुमच्या शेगडीपासून न्हाणीघरापर्यंत दोरी लावून, माझे डोळे बांधून, त्याने मला सात वेळा चालवलं. तू वाटेत मुद्दाम स्टूल ठेवलंस. नडगीवरची खूण अजून दाखवू शकतो.

आता पाचवं वाक्य. 'अहवालात म्हटल्याप्रमाणे त्यांनी दोरी बांधली नव्हती.' त्याच्या मृत्यूच्या चौकशीचा अहवाल माझ्यापुढे आहे. त्यात 'दोरी आढळली नाही' असं आहे. ही दोन क्रियापदं एक नव्हेत. आढळणं हे शोधणाऱ्यांचं काम, बांधणं त्याचं. हा बदल तू एकटीने केलेला नाही. बोटवाले, शाळावाले, शेजारीपाजारी, सगळ्यांनी केला, आणि व्याकरणाचा मास्तर शेजारी बसून ऐकत राहिला. तू त्याचा फोटो भिंतीवरून काढून साड्यांखाली ठेवलास. बापाचा विषय निघाला की पोर ताटावरून उठते. गेल्या वर्षी, तो गेला त्या तारखेला, तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, "दोन मिनिटांचं काम होतं रे दादा. आमच्यासाठी तेवढीही नव्हती त्याच्याकडे." मी चहा ढवळत राहिलो. त्यात साखर घातलेली नव्हती.

सातवं वाक्य, तो एकटा आत गेला हे, तसंच ठेव. ती त्याची चूक खरी. सफाईची तुकडी उतरायच्या आत इंजिनघरातला एक गंजलेला पत्रा बघून येतो, असं सांगून तो गेला होता. पण तुकडी ठरल्यापेक्षा वीस मिनिटं आधी उतरली, हे तुझ्या भाषणात नाही. कारण ते तुला कोणी सांगितलं नाही. घाई मी केली. मला हौस फार.

ज्यासाठी लिहायला बसलो, तिथवर यायला मला चार पानं लागली. जहाजाला अडकलेल्या जाळ्यांत आणि गळाच्या दोऱ्यांत मासे गुंतून मरतात. ते कापून पिशवीत भरून आणायचं, हे आमचं काम. त्या दिवशी मला पहिल्यांदाच सुरी मिळाली होती. इंजिनघराच्या भोकापाशी, कठड्याला, एक पांढरी दोरी होती. दुहेरी गाठीची. कचऱ्याला कोणी दुहेरी गाठ मारत नाही, हे मला फार उशिरा सुचलं. तिथे मी ती गाठ कापली आणि दोरी ओढून हाताला गुंडाळत गेलो. मग आतून ओढ लागली. पत्र्यात अडकली असेल, असं समजून मी हाती आली होती तेवढी कापून घेतली. बोटीवर सगळ्यांत जड पिशवी माझी निघाली. टाळ्या झाल्या. तो अजून आत होता. त्याला गाळातून चाचपत बाहेर काढलं, पण चक्री शोधायला कोणी थांबलं नाही. मला कळलं तेव्हा मी धक्क्यावर पळत गेलो, तर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. अहवाल वाचून दाखवला तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता, आणि मी तो सोडलाही नाही. आज सकाळी चौकशी कचेरीत हे सगळं लिहून, सही करून दिलं. त्याने दोरी बांधली होती, भिंगरी. पोरीला हे रविवारच्या आधी, घरात सांग. माझ्याच तोंडून ऐकायचं असेल, तर मी शाळेच्या फाटकाबाहेर उभा असेन. तुम्ही दोघींनी बोलावल्याशिवाय आत येणार नाही.

तुझाच (हा शब्द तू खोडलास तरी चालेल),
दादा