चेअरमनसाहेबांच्या आईचं चित्र

कोल्हापूर,
१८ जानेवारी, शनिवार

ती. आक्काच्या पायावर डोकं ठेवून सम्राटचा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मी 'हॅलो' म्हटलं की तुमच्या वाडीतली निम्मी माणसं 'बोल की' म्हणतात. तुझ्या गुडघ्याला तेलानं उतार पडला का? दाजींचा खोकला कसा आहे? काजूला मोहोर बरा आहे ना? इकडं आम्ही ठीक. पोरगी दहावीला असल्यामुळं घरात मोठ्यानं शिंकायलाही बंदी आहे. एक चांगली बातमी आहे, पण ती मी शेवटाकडं लिहिणार आहे. मधलं गाळून शेवट वाचू नकोस (तुझी सवय मला ठाऊक आहे).

माझ्या नोकरीचं रडगाणं तू अकरा वर्षं ऐकतेस. शाळा बरी, पोरं चांगली, पण मी तासिकेवर. म्हणजे तास घेतला तर शिक्षक, नाही घेतला तर पावणा. चित्रकलेच्या मास्तराचं असं असतं की परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जातो, आणि कुणी बडे पाहुणे यायचे असले की सगळ्या शाळेचे तास माझ्याकडं येतात. रांगोळी मी, स्वागताचा फलक मी, प्रमाणपत्रांवर नावं मी. 'येथे थुंकू नये' ही पाटीसुद्धा मीच रंगवली, आणि ती इतकी सुबक झाली की लोक थांबून वाचतात आणि मग थुंकतात. एरवी चित्रकलेला कुणी विचारत नाही. फक्त नववीत, ग्रेडच्या परीक्षेनं दहावीला वाढीव गुण मिळतात हे कळलं की, ज्यांना सरळ रेघ जमत नाही त्यांचेही आईबाप 'सर, पोरात लई कला हाय' म्हणत दारात उभे राहतात.

तरी मी कधी कंटाळलो नाही. रविवारी जोतिबाच्या डोंगरावर जाऊन जलरंगात काम करतो. मागं यात्रेकरूंचा घोळका उभा राहतो आणि 'ते झाड इकडं घ्या की' असा सल्ला देतो. गेल्या वर्षी एकानं उधळलेला गुलाल माझ्या ओल्या कागदावर पडला, सगळं आभाळ गुलाबी झालं. मी रडकुंडीला आलो. पुढं प्रदर्शनात त्याच चित्रापुढं लोक थांबले आणि एका जाणकारानं 'आकाश फार धाडसी आहे' म्हणून माझा हात हातात घेतला. धाडस कुणाचं होतं ते मी सांगितलं नाही.

हे सगळं तुझ्यामुळं, म्हणून जरा मागचं लिहितो. मी बारावीनंतर इकडं आलो तेव्हा तू आण्णांना सांगितलं होतंस की सम्राट आयटीआयला फिटर होतोय. मी इथं चित्रकलेच्या कॉलेजात प्लॅस्टरच्या डोक्यांची चित्रं काढत होतो आणि आमचे आण्णा तिकडं गावभर माझ्या फिटरकीचं कौतुक करत होते. दोन वर्षं ते निभलं. मग उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप बंद पडला आणि आण्णांनी पान्हा देऊन मला पाठवलं. तासभर मी पंपाकडं बघत बसलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्याला रंग दिला. (निळा, वर पिवळी पट्टी. देखणा झाला होता.) आण्णांचा हात उठायच्या आत तू मध्ये उभी राहिलीस. माहेरपणाला आली होतीस, पोर कडेवर होतं. "मी पाठीवलंय त्येला. काय बोलायचं ते मला बोला," म्हणालीस. त्यानंतर आण्णा माझ्याशी सहा महिने आणि पंपाशी कायमचे बोलले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या संस्थेचे चेअरमन हंबीरराव. वय अडुसष्ट, अंगानं पैलवान, मिशी अशी की दारातून आधी ती आत येते. माझा कायम होण्याचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर अडकला होता, सही तेवढी राहिली होती. दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावलं. शाळेच्या नव्या सभागृहाला त्यांच्या आईचं, विठाबाईंचं, नाव द्यायचं ठरलं होतं आणि तिथं लावायला विठाबाईंचं मोठं तैलचित्र हवं होतं. "मास्तर, चित्र झालं की तुमचं बी बघू," म्हणाले. मी म्हटलं, काढतो की, फोटो द्या. तर म्हणाले, "फोटो न्हाय."

आक्का, खरोखर नव्हता. विठाबाईंना फोटोचा भयंकर राग. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायच्या. "मी मेल्यावर मला कशाला बघायचंय?" म्हणायच्या. घरातल्या सगळ्या लग्नांचे आल्बम मी पाहिले. एकात त्यांचा कोपर आहे, एकात पाठ. मतदार ओळखपत्रावर तरी तोंड असेल म्हणून ते काढून आणलं, तर त्यातही बाईंनी ऐन वेळी मान वळवलेली. एक कान आणि पदर. त्या कानावर सरकारनं त्यांना मत कसं देऊ दिलं, देव जाणे.

मग मी म्हटलं, तोंडी सांगा. हंबीरराव आणि त्यांची धाकटी बहीण क्रांतीताई समोर बसले. हंबीरराव म्हणाले, आई गोरी होती, करारी, नजरेनं बैल थांबायचा. क्रांतीताई म्हणाल्या, आई सावळी होती आणि सदा हसायची. हंबीरराव म्हणाले, "मला तर कधी हसलेली आठवत न्हाय." क्रांतीताई म्हणाल्या, "दादा, तुझ्याकडं बघून कोण हसंल?" दोन तास हे चाललं. एकाच बाईची दोन पोरं, पण आया दोन निघाल्या. मी दोघींची सरासरी काढून रेखाटन केलं. ते बघून मात्र भावाबहिणीचं पहिल्यांदा एकमत झालं. दोघं एकदम म्हणाले, "ही कोण?"

तेव्हा क्रांतीताईंनीच वाट काढली. "आईचं कपाळ, नाक, जबडा सगळा दादात उतरलाय. मिशी तेवढी वगळा आणि ह्येलाच समोर बसवा." हंबीरराव आधी भडकले. पण आईसाठी माणूस काय करणार नाही? एका रविवारी शाळा बंद असताना, माझ्या चित्रकलेच्या वर्गात, दार ओढून घेऊन, संस्थेचे चेअरमन डोक्यावरून क्रांतीताईंची साडी घेऊन स्टुलावर बसले. मिशीवर मी पदराचं टोक धरायला लावलं. हसू आलं असतं तर अकरा वर्षं गेली असती, म्हणून मी दातांखाली ब्रश धरला.

अर्धा तास बरा गेला आणि दार उघडलं. आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकत्याच आलेल्या शिफा मॅडम, शनिवारी विसरलेला डबा न्यायला आल्या होत्या. स्टुलावरची आकृती बघून थबकल्या. मला म्हणाल्या, "सर, आई का तुमच्या?" मी काही बोलायच्या आत पुढं गेल्या आणि चांगल्या वळणाची मुलगी, वाकून पाया पडल्या. हंबीररावांनी पदर नाकापर्यंत ओढला आणि हात वर करून घोगऱ्या आवाजात 'सुखी रहा बाई' असा आशीर्वाद दिला. शिफा मॅडम डबा घेऊन गेल्या. (सोमवारी त्यांनी मला आलं-लवंगांची पुडी आणून दिली. आईंचा घसा फार बसलाय म्हणाल्या.)

मला वाटलं, आता नोकरी गेली. पण हंबीरराव पदर काढेनात. तसेच बसून राहिले. पदराचं टोक चाचपत म्हणाले, "मास्तर, कुणी दारात आलं की आई अशीच पदर वढायची वो." मग त्यांनी सांगितलं, सातवीत नापास झाल्यावर ते घर सोडून कुरुंदवाडला एका पावण्याकडं पळून गेले होते. विठाबाई चौथ्या दिवशी तिथं आल्या. ओरडल्या नाहीत, मारलं नाही. उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "मला लिवायला येत न्हाय, म्हणून चिठ्ठी धाडली न्हाय. चल घरला." एवढंच. हंबीरराव पदरानं डोळे पुसत होते आणि मी ब्रश खाली ठेवला होता. त्या दिवसानंतर मला चेअरमनची भीती वाटेनाशी झाली.

चित्र मात्र फसलं. फ्रेम करणारे माझे मित्र दिलदारभाई यांना दाखवलं, तर ते खाली बसून हसले. "सर, ह्ये चेअरमनच हायत की! ह्या निवडणुकीला असं हुबं ऱ्हायले तर बायकांची बी मतं पडतील." मग गंभीर होऊन म्हणाले, "तुम्ही नाक काढलंय, कपाळ काढलंय. आई कुठाय?"

ते लागलं मला. कॅनव्हास खरवडला. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. उंबऱ्यावर बसलेली एक बाई, चार दिवस शोधून दमलेली, ओरडणार नाही अशी, एवढंच डोळ्यांपुढं ठेवलं आणि काढत गेलो. नाकाचा, जबड्याचा विचार केला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ब्रश धुतला तेव्हा वाटलं, वीस वर्षांत पहिल्यांदा आपण चित्र काढलं.

चार जानेवारीला भाऊबहीण बघायला आले. मी खिडकीपाशी उभा राहिलो, पळायला जागा असावी म्हणून. दोघं चित्रापुढं उभे राहिले. क्रांतीताई पुढं झाल्या, फ्रेमला हात लावला आणि हळू म्हणाल्या, "आई गं." हंबीररावांनी चपला काढल्या. मग ते म्हणाले, "क्रांते, हसतीया व्हय गं ही?" क्रांतीताई म्हणाल्या, "न्हाय रं दादा. रागावलीया." आणि दोघांनाही एकमेकांचं पटलं.

सोमवारी सही झाली. आक्का, मी कायम झालो. ऑर्डर देवापुढं ठेवली आहे. आण्णा असते तर म्हणाले असते, पंप कधी चालू करतोस.

इथवर आलीस म्हणजे मधलं वाचलंस असं धरतो. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
सम्राट

ता. क. सभागृहाचं उद्घाटन दोन फेब्रुवारीला, रविवारी दुपारी चार वाजता आहे. मला शिकवलं ते आक्कानं, असं मी बोलण्याच्या ओघात हंबीररावांना सांगून बसलो. आता ते हट्टाला पेटलेत. म्हणतात, "तुमच्या आक्कांचा सत्कार करायचा. स्टेजवर, आईच्या चित्राखाली, खुर्ची टाकून." निमंत्रण पोस्टानं येईल. त्यांना लगेच कळव की काजूला मोहोर आलाय, राखणीला माणूस नाही, येता येत नाही. मुख्य म्हणजे हे सांगायलाच पत्र लिहिलं.

आणखी ता. क. का, असं तू विचारणारच, म्हणून सांगतो. ते तोंड तुझं आहे. मुद्दाम केलं नाही गं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. 'आई' म्हणून काढायला बसलो तर हाताला दुसरं तोंड माहीतच नव्हतं. नाक झाल्यावर माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा थांबवेना. वरून पंचवीस वर्षांच्या सुरकुत्या घातल्या, केस पांढरे केले (रागावू नकोस, म्हातारपणी चांगली दिसणार आहेस). आता तू त्या चित्राखाली खुर्चीवर बसलीस तर शाळेतल्या बाराशे पोरांना कळेल, आणि शिफा मॅडम पुन्हा कुणाच्या तरी पाया पडतील.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते परत फोडलं. वरचं ऐकू नकोस. इतक्या वर्षांत माझं एकही चित्र भिंतीवर लागलेलं तू बघितलेलं नाहीस. रविवारी पहाटेची एसटी धर. दुपारी सगळे जेवायला गेले की हॉलची किल्ली माझ्याकडं असते. आपण दोघंच जाऊ, हवा तितका वेळ बघ, नावं ठेव. मग चार वाजता तू आमच्या घरी गुडघा धरून बस, मी हंबीररावांना सांगतो. आणि हिरवं इरकल तेवढं नेसून येऊ नकोस. तेही चित्रात घेतलंय.