हिल्मा मावशीचा हीटर आणि तुमची मिरी

हॅनकॉक, मिशिगन
११ जानेवारी

ती. अर्वो मामा यांस,
सेन्याचा नमस्कार. ॲरिझोनातल्या उन्हाने तुमचे गुडघे सुखात असतील असं धरून चालते. इथे ऊन नाही. गुडघे मात्र सगळ्यांचे ठीक आहेत.

हिल्मा मावशीच्या गाडीचा हीटर बंद आहे, काच आतून गोठते, आणि तरी ती शेजारच्या एल्साला आठवड्यातून तीनदा वीस मैलांवर डायलिसिसला नेते, म्हणून तिची किल्ली काढून घ्यावी का, हे पाहायला तुम्ही मला सांगितलं होतं. पाहिलं. हीटरचा गाभा (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) चोंदला होता. त्याच्या दोन नळ्यांपैकी एक चटका देणारी, दुसरी कोमट, म्हणजे आतून गरम पाणी वाहतच नव्हतं. हे निदान माझं, असं मी लिहिणार होते, पण मावशीने ते हातमोजा काढून माझ्याआधीच केलं होतं.

गाडी सौनाला (वाफेच्या न्हाणीघराला) लागून असलेल्या लाकडांच्या शेडमध्ये रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी मावशीने दोन्ही नळ्यांना ओळखीसाठी वेगवेगळ्या रंगांची लोकर बांधली, मग त्या सोडवल्या आणि जुनं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, झाकणाच्या डब्यात धरलं (ते विषारी, पण गोडसर लागतं, आणि मावशीचा कुत्रा चौकस आहे). मी म्हटलं, स्वयंपाकघरातल्या नळाला पाइप जोडू, जोर चांगला आहे. मी इंजिनिअर आहे, हे इथे पुन्हा नमूद करते. मावशी म्हणाली, "अगं शहाणे, आतला पत्रा चॉकलेटच्या चांदीएवढा पातळ. तुझ्या नळाचा जोर लागला तर माझ्या पायांवर धबधबा पडेल!" तिने सौनाची भट्टी पेटवली, पाण्याचं पिंप वरच्या बाकावर चढवलं आणि खिडकीतून पाइप शेडमध्ये आणला. पाणी कोमट, म्हणून गोठणार नाही. उंची सहा फूट, म्हणून दाब बेताचा. मी कागदावर हिशोब केला. नळाच्या दाबाच्या विसाव्या भागाहून कमी. मी कागद खिशात ठेवला.

पाणी उलट्या बाजूने सोडायचं, म्हणजे बाहेर पडायच्या नळीतून आत. आधी काहीच नाही. मग थेंब, मग तपकिरी धार, मग काळे कण. पाइपचं दुसरं तोंड मी धरलं होतं. ते निसटलं. माझ्या बाहीचा तपशील तुम्हाला नको. मावशीने मात्र तीच बाही धरून हुंगली आणि म्हणाली, "ही अर्वोची मिरी! उन्हाळ्यात रेडिएटर गळत होता, तर म्हणाला, ताई, चार चमचे मिरपूड टाकली की भोक बुजतं. बुजलं की! सगळंच बुजलं!"

(कुत्रा शिंकला.)

दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, स्वच्छ पाणी येईपर्यंत सात पिंपं लागली. मग फुंकून पाणी काढलं, लगेच नवं कूलंट भरलं, शेडचं दार सताड उघडून इंजिन चालू केलं आणि आतली हवा निघण्यासाठी गाडीचं नाक चढावर ठेवलं. हे शेवटचं मलाही ठाऊक होतं. पण मी सांगेपर्यंत मावशीने गाडी चढावर नेली होती. जुनं कूलंट आणि धुतलेलं पहिलं पाणी डबे बंद करून गावच्या संकलन केंद्रावर दिलं.

सर्वांस नमस्कार.

आपली,
सेन्या

ता. क. तुम्ही मागितलेला अहवाल: सोमवारी मी मागच्या सीटवर बसून गेले. बाहेर शून्याखाली बावीस. काच स्वच्छ. बर्फावर मावशीने एकदाही जोरात ब्रेक दाबला नाही. चौथ्या मैलाला एल्साने टोपी काढली आणि म्हणाली, "हिल्मा, नोव्हेंबरनंतर आज माझे कान तुला दिसणार बघ." गाडी योग्य. चालक योग्य.

ता. क. २. डिसेंबरात फोनवर "किल्ली काढून घ्या" असं मीच म्हणाले होते. ते मत गाडीत न बसता दिलेलं होतं, मागे घेते. दुसरी किल्ली, जी तुम्ही उन्हाळ्यात जाताना "असू दे माझ्याकडे" म्हणून नेलीत, ती पोस्टाने परत पाठवा. मावशी मागणार नाही. म्हणून मी मागते आहे.