बाईंच्या हातचा घास

मंगळवार, ९ तारीख

प्रिय धाकटीस,

तुझ्या आक्काचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. तेल कोमट करून लाव, नुसतं बाटलीतून ओतू नकोस. माझं अक्षर बघून हसू नकोस, तिसरीपुढे कुठं गेले मी?

आनंदाची बातमी आहे, पण ती मागून सांगते. आमची ठकी चार वर्षांची झाली तरी बोलत नाही, चावत नाही, हे तुला माहीत आहेच. सगळं कुस्करून मीच भरवायची. दुसऱ्या कोणाचा चमचा दिसला की हिचे ओठ घट्ट. सूनबाई रडकुंडीला यायची आणि मला, खरं सांगू, बरं वाटायचं.

आता तिला बोलायला-खायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेते. वयानं पोरगीच आहे, म्हणून मी अगं-तुगंच करते. ती चमचा ठकीच्या तोंडापुढे धरून गप्प बसते. भरवत नाही. ठकी स्वतः पुढे झुकेपर्यंत नुसती थांबते. मी म्हटलं, ही कसली रीत, पोर उपाशी राहील. तर मलाच म्हणाली, आजी, तुम्ही तिला भूक लागूच देत नाही, मग ती मागेल कशाला?

आणि एक दिवस ठकी झुकली. केळ्याचा तुकडा चावून खाल्ला. त्या बाईच्या हातचा. सूनबाईनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण नाइलाजानं.

त्यानंतर ठकी तिथं काही खाईना. बाई काळजीत पडली. असंच राहिलं तर शिकवणी थांबवावी लागेल म्हणाली. सूनबाईचा चेहरा उतरला. ठकी का खात नव्हती ते मला ठाऊक होतं. सूनबाई येऊन आम्ही आत जायच्या आधी बाहेरच्या बाकावर मीच तिला डब्यातलं पोटभर भरवत होते.

आजही भरवायला बसले. दोन-चार घास गेले. पुढचा चमचा नेला तर ठकीनं माझं मनगट धरून बाजूला सारलं.

"नको," म्हणाली.

वर बघते तर बाई दारात. डबा तिनं पाहिला, सगळं समजली. आता बोलणी खायची म्हणून मी मान खाली घातली, तर ती ठकीपुढे जमिनीवरच बसली. डोळ्यांत पाणी.

"आजी, बोलली ती."

"बोलली. पण मला बोलली, तुला नाही."

हसायला लागली गं. "तुम्हालाच बोलली. मग ऐका तिचं."

मी डबा बंद केला. आत ठकीनं बाईच्या हातचं केळं खाल्लं, मी कोपऱ्यात बसून जळत होते. उद्यापासून डबा नेणार नाही. बाईनं सूनबाईला डब्याचं सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. घास तिला मिळू देत, पण नातीचा पहिला शब्द काही तिला मिळायचा नाही.

जिला ठकीनं नको म्हटलं ती,
तुझी भाग्यवान आक्का