बाटली

ती. आप्पा,

शिरूरच्या मिशनातल्या जॉर्जशी मी लग्न केलं, तवा तुम्ही चारचौघांत म्हणालात, "पोरगी बाटली." आन् जित्या पोरीच्या नावानं आंघोळ केलीत.

गंमत बघा, माझं कामही बाटलीचंच हाय. तिच्यात न्यूट्रॉन कोंडायचे, थोड्या वेळानं किती उरले ते मोजायचं, त्यावरून त्यांचं आयुष्य काढायचं. पण कमी झालेले सगळे मेलेले नसतात. काही नुसते भिंतीतून निसटतात. त्यांना मेलेलं धरलं की माप चुकतं. ती चूक कमी करायची, एवढंच माझं काम.

सकाळी दादा फोनवर म्हणाला, "आप्पा गेले. आंघोळ करून घे."

मी तशीच लॅबमध्ये येऊन बसले. आंघोळ अजून केलेली न्हाई.

भिंतीपल्याडची,
नीलम